विश्लेषण : ‘शोले’तली माउथ ऑर्गनची संथ धून वाजवायला इतकी अवघड का? राहुलदेव बर्मन यांच्या श्वासाची गोष्ट

हौशी माउथ ऑर्गन वादकांमध्ये एक धून सतत फिरत असते. मोबाइलवर रेकॉर्ड केलेली, मागे पंख्याची घरघर आणि मधूनच कुकरची शिट्टी असलेली ही धून ते एकमेकांना पाठवतात. कुणी म्हणतं घाई झाली, कुणी म्हणतं दुसरा सूर थरथरला, कुणी म्हणतं शेवटी दम संपला. धून जेमतेम काही सुरांची आहे, त्यात तान नाही की झपाटा नाही. तरीही वेगवान गाणी सहज वाजवणारे वादक इथे अडखळतात. ही धून आहे ‘शोले’मधल्या जयची आणि तिच्यामागे आहेत राहुलदेव बर्मन, म्हणजेच पंचम. वेगासाठी नावाजलेल्या या संगीतकाराने संथपणाचा धडा कुठून घेतला आणि तो आज कुणाच्या उपयोगी पडतो, याचा हा वेध.

ही धून नेमकी कुठे येते?

‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. रामगढमधल्या ठाकूरच्या वाड्यात संध्याकाळ उतरते. विधवा सून राधा एकेक दिवा मालवत जाते. समोरच्या पडवीत बसलेला जय माउथ ऑर्गन वाजवत असतो. दोघांमध्ये एक शब्दही बोलला जात नाही. जयला जे वाटतं ते सांगायची सोय त्या काळात, त्या घरात नाही. ते सगळं काम माउथ ऑर्गन करतो.

पडद्यावर अमिताभ बच्चन यांच्या ओठांशी असलेला तो माउथ ऑर्गन प्रत्यक्षात वाजवला होता भानू गुप्ता यांनी. कोलकात्याहून मुंबईत आलेले भानूदा पंचमच्या ताफ्यातले गिटारवादक म्हणून ओळखले जात, पण माउथ ऑर्गन हे त्यांचं जुनं वाद्य. आणि ज्यांनी त्यांच्याकडून ही धून वाजवून घेतली, ते पंचम स्वतः एके काळी मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत माउथ ऑर्गन वाजवत असत. त्यामुळे या वाद्यातला श्वास कुठे संपतो आणि सूर कुठे तुटतो, हे त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

भजनाची पेटी आणि माउथ ऑर्गन यांचं नातं काय?

परभणी-परळी रेल्वेमार्गावरचं पोखर्णी हे नृसिंहाच्या देवस्थानासाठी ओळखलं जातं. अशा गावांत भजनाला टाळ-मृदंगाच्या जोडीला पेटी असते. ती पेटी उघडून पाहिली तर आत ओळीने बसवलेल्या पितळेच्या पातळ जिभा दिसतात. भाता हलला की हवा त्यांच्यावरून जाते, जीभ कंप पावते आणि सूर उमटतो. माउथ ऑर्गनमध्ये हेच तत्त्व आहे, फक्त भात्याच्या जागी माणसाचं फुप्फुस आहे. तळहातात मावणारा हा वाजा पेटीचा धाकटा भाऊच.

दोघेही १९व्या शतकातल्या युरोपातून आले. जर्मनीतल्या ट्रॉसिंगन गावात मॅथियास होनर यांनी १८५७ मध्ये माउथ ऑर्गन बनवायला सुरुवात केली आणि पुढे त्यांचा कारखाना जगभर माल पाठवू लागला. पॅरिसमध्ये घडलेली पायपेटी आपल्याकडे आली आणि कोलकात्यात तिची हातपेटी झाली. बसून वाजवता येईल अशी ही पेटी नाटक मंडळ्यांनी आणि भजनी मंडळांनी आपलीशी केली.

दोन्ही भावांमध्ये मोठा फरक एकच. पेटीचा सूर ठरलेल्या जागी उभा असतो, तो वाकत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही. हाच ठपका ठेवून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं होतं आणि ते पुन्हा किलकिलं व्हायला सत्तरचं दशक उजाडावं लागलं. माउथ ऑर्गनचा सूर मात्र वाकवता येतो. कसा, ते पुढे पाहू. हा धाकटा भाऊ मोठ्या भावाला न जमणारी गोष्ट करतो, म्हणून तर दुःख सांगायला तो बरा पडतो.

पंचम कोण होते?

राहुलदेव बर्मन यांचा जन्म २७ जून १९३९ रोजी कोलकात्यात झाला. वडील सचिनदेव बर्मन त्रिपुराच्या राजघराण्यातले, लोकसंगीतात मुरलेले गायक आणि संगीतकार. आई मीरा देव बर्मन याही गाणाऱ्या आणि गीतकार. पंचम हे नाव कसं पडलं, याच्या एकाहून अधिक कथा सांगितल्या जातात. लहानपणी रडताना पाचवा सूर लागायचा ही एक, आणि अभिनेते अशोककुमार यांनी बाळाच्या तोंडून सतत ‘प’ ऐकून हे नाव ठेवलं ही दुसरी.

सचिनदा चित्रपटांसाठी मुंबईत आले. पंचमचं शिक्षण कोलकात्यात सुरू राहिलं, पण शाळेपेक्षा वाद्यांत जीव अधिक. त्यांनी उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडे सरोदचे आणि पंडित सामताप्रसाद यांच्याकडे तबल्याचे धडे घेतले. सलील चौधरी यांनाही ते गुरुस्थानी मानत. या सगळ्या घराणेदार शिक्षणाच्या शेजारी त्यांच्या खिशात एक वाद्य होतं, ज्याला घराणं नव्हतं, गंडा नव्हता आणि मैफलीत मानाची जागाही नव्हती. ते म्हणजे माउथ ऑर्गन.

वयाच्या सतराव्या वर्षाच्या आतच त्यांची एक चाल वडिलांनी ‘फंटूश’ (१९५६) या चित्रपटासाठी वापरली. ‘प्यासा’तल्या (१९५७) जॉनी वॉकर यांच्या तेलमालिशच्या गाण्याची चालही पंचमचीच असल्याचं सांगितलं जातं. त्यानंतर ते वडिलांच्या हाताखाली रीतसर साहाय्यक म्हणून उभे राहिले. ‘चलती का नाम गाडी’, ‘कागज के फूल’, ‘बंदिनी’, ‘गाइड’ हे सगळे त्या उमेदवारीतले चित्रपट.

माउथ ऑर्गन रेकॉर्डिंगमध्ये कसा आला?

१९५८ मध्ये राज खोसला यांचा ‘सोलवा साल’ आला. त्यात देव आनंद रेल्वेच्या डब्यात वहिदा रेहमानकडे पाहत गाणं म्हणतो. आवाज हेमंतकुमार यांचा. त्या गाण्याच्या कडव्यांमधल्या जागा माउथ ऑर्गनने भरल्या आहेत. वाजवणाऱ्याचं वय होतं अठरा-एकोणीस आणि नाव होतं पंचम. गाणं मस्तीचं आहे, वाजवण्यातही मस्ती आहे. गाडीचा ठेका आणि माउथ ऑर्गनची उडी यांची जोडी तेव्हापासून हिंदी चित्रपटांत पक्की झाली.

सहा वर्षांनी, १९६४ मध्ये, याच वाद्याचा दुसरा चेहरा दिसला. सत्येन बोस दिग्दर्शित ‘दोस्ती’ ही दोन गरीब मुलांची कथा. एक अंध, तो गातो. दुसरा पायाने अधू, तो माउथ ऑर्गन वाजवतो. संगीत होतं लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. त्यातले लक्ष्मीकांत कुडाळकर हे मुंबईतले मराठी कुटुंबातले. पंचमच्या पहिल्या चित्रपटाला त्यांनी साहाय्य केलं होतं. ‘दोस्ती’च्या वेळी पंचम स्वतः संगीतकार झाले होते, तरीही मित्रांसाठी ते माउथ ऑर्गन घेऊन वादकांच्या रांगेत बसले. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट संगीताचा फिल्मफेअर पुरस्कार लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांना मिळाला. पुढे हे तिघे अनेक वर्षं एकमेकांचे स्पर्धक राहिले. मैत्री मात्र ‘दोस्ती’च्या रेकॉर्डवर कायमची उमटली.

या दोन चित्रपटांमध्ये माउथ ऑर्गनचा अर्थ बदलला. ‘सोलवा साल’मध्ये तो टवाळ तरुणाच्या खिशातला होता. ‘दोस्ती’त तो पेटी-तबला परवडत नाही अशा मुलाच्या हातातला झाला. ‘शोले’तला जय या दोघांचा वारसदार आहे. तो टवाळही आहे आणि निराधारही.

संथ ब्लूज म्हणजे काय आणि तो मुंबईत कुठून आला?

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांचं गाणं. गुलामगिरी संपली तरी कापसाच्या शेतातलं वेठबिगारीसारखं जिणं संपलं नव्हतं. त्या जिण्यातून हे संगीत १९व्या शतकाच्या अखेरीस आकाराला आलं. स्वस्त आणि खिशात मावणारा माउथ ऑर्गन या गाण्याला मिळाला आणि वादकांनी तो कारखानदाराने कधी कल्पनाही केली नसेल अशा पद्धतीने वाजवला.

या वादनाचा सर्वांत मोठा कलावंत म्हणून लिटल वॉल्टर यांचं नाव घेतलं जातं. लुइझियानात १९३० मध्ये जन्मलेला हा मुलगा शाळा सोडून शहरं पालथी घालत शिकागोला पोहोचला. माइक आणि माउथ ऑर्गन दोन्ही एकाच ओंजळीत धरून त्याने या वाद्याला सॅक्सोफोनसारखा भरीव आवाज दिला. १९५२ मधली त्याची ‘ज्यूक’ ही धून अमेरिकेच्या कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. १९६८ मध्ये, वयाच्या अवघ्या ३७व्या वर्षी, एका मारामारीनंतर त्याचा मृत्यू झाला.

मुंबईत हा सूर थेट आला नाही, तो जॅझच्या मागून आला. १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतले कृष्णवर्णीय वादक वाजवत होते. त्यांच्यासोबत वाजवून गोव्याचे वादक तयार झाले. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले हे गोंयकार पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदाचा कणा बनले. ‘अलबेला’चे (१९५१) संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले रामचंद्र चितळकर, यांच्यासोबत ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते. पंचमची पिढी याच वातावरणात वाढली. त्यांनी ब्लूज जसाच्या तसा उचलला असं म्हणता येणार नाही. पण सूर पूर्ण उभा न करता किंचित खाली ओढून धरायचा, ही त्यातली युक्ती त्या हवेतच होती.

संथ वाजवणं अवघड का असतं?

वाद्याची रचना समजली की उत्तर सापडतं. दहा छिद्रांच्या साध्या माउथ ऑर्गनमध्ये प्रत्येक छिद्राला दोन जिभा असतात. एक फुंकल्यावर वाजते, दुसरी श्वास आत ओढल्यावर. म्हणजे दहा छिद्रं, वीस जिभा. फुंकताना एक सूर आणि ओढताना वेगळा, त्यामुळे वादकाचं श्वास घेणं आणि सोडणं हेच संगीत होऊन बसतं.

ब्लूज वाजवणारे यात एक उलटी चाल करतात. ‘सी’ पट्टीचा माउथ ऑर्गन असेल तर ते ‘सी’ला षड्ज मानत नाहीत. दुसऱ्या छिद्रात श्वास आत ओढल्यावर येणारा ‘जी’ हा त्यांचा षड्ज. त्यामुळे मुख्य सूर फुंकण्यातून न येता ओढण्यातून येतात. ओढताना जीभ मागे घेऊन तोंडाची पोकळी बदलली की सूर खाली वाकतो. तिसऱ्या छिद्रातला शुद्ध गंधार असा वाकवला की कोमल होतो. चौथ्या छिद्रातला पंचम वाकवला की तीव्र मध्यम मिळतो. पाचव्या छिद्रात कोमल निषाद आयताच हजर असतो. कोमल गंधार, तीव्र मध्यम आणि कोमल निषाद, ब्लूजचा रंग या तीन सुरांत आहे. शुद्धावरून कोमलावर घसरणारी ती जागा मराठी कानाला अनोळखी नाही. आपण तिला मींड म्हणतो.

वेगात वाजवताना हे वाकणं कच्चं राहिलं तरी खपून जातं. पुढचा सूर येऊन आधीची चूक झाकतो. संथ वाजवताना झाकायला काहीच नसतं. ब्लूजचं एक आवर्तन बारा मापांचं, प्रत्येक मापात चार ठोके, म्हणजे एकूण ४८ ठोके. मिनिटाला ६० ठोके धरले तर एक आवर्तन संपायला ४८ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात वादकाच्या पोटातला श्वास, ओठांची पकड आणि मनातली घाई सगळं उघडं पडतं. सूर लावल्यावर तो वाकवायचा कधी, किती वेळ धरायचा आणि सोडल्यावर किती वेळ गप्प राहायचं, हे तीन निर्णय प्रत्येक सुरागणिक घ्यावे लागतात.

‘शोले’ची धून ब्लूज नाही. ती बारा मापांत बसत नाही आणि तिचा स्वभावही आपला आहे. पण तिची परीक्षा तीच आहे. लांब धरलेले सूर, मधली मोकळी जागा आणि शेवटपर्यंत पुरवायचा दम.

मग पंचम माउथ ऑर्गनपासून दूर का गेले?

दूर गेले असं नाही, पण वादक मागे राहिला आणि संगीतकार पुढे आला. गुरुदत्त यांनी त्यांना ‘राज’ हा चित्रपट दिला होता, तो अर्ध्यावरच थांबला. मग मेहमूद यांनी ‘छोटे नवाब’ (१९६१) दिला. खरा बार उडाला तो ‘तीसरी मंझिल’ने (१९६६). नासिर हुसेन यांचा चित्रपट, शम्मी कपूर नायक, गीतकार मजरूह सुलतानपुरी. त्यातल्या आशा भोसले आणि मोहम्मद रफी यांच्या द्वंद्वगीतांनी देशाला नाचायला लावलं.

इथून ‘पंचम म्हणजे वेग’ हे समीकरण रुजलं. ‘कारवाँ’, ‘हरे रामा हरे कृष्णा’, ‘यादों की बारात’ अशी रांग लागली. काचेच्या पेल्यावर चमचा आपटून निघालेला नाद, अर्ध्या भरलेल्या बाटल्यांच्या तोंडावर फुंकर मारून काढलेला घुमार, असं काहीही त्यांना वाद्य म्हणून चालत असे. बाटल्यांची ती युक्ती ‘शोले’तल्याच हेलनच्या नृत्यगीतात आहे आणि ते गाणं पंचमनीच गायलं आहे. ‘कारवाँ’तल्या कॅबरे गाण्यात तर धापांचाच ठेका झाला आहे. माउथ ऑर्गन वाजवणाऱ्या माणसाचा कान श्वासावरच असतो, हे अशा वेळी जाणवतं.

या सगळ्या प्रयोगांना हात होते ते त्यांच्या वादकांचे. तालवाद्यांवर मारुतराव कीर, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, चेलोवादक बासू चक्रवर्ती, इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर कर्सी लॉर्ड, गिटार आणि माउथ ऑर्गनवर भानू गुप्ता. मराठी, नेपाळी, बंगाली आणि पारशी माणसांचा हा ताफा पंचमच्या घरच्या बैठकीत बसे आणि त्यातून चाली आकार घेत.

१९७५ हे वर्ष इतकं महत्त्वाचं का?

त्या वर्षी वेग आणि संथपणा दोन्ही त्यांच्या आयुष्यात एकदम आले. सचिनदा ‘मिली’चं संगीत करत होते. त्यातल्या एका उदास गाण्याच्या तालमीनंतर त्यांची प्रकृती ढासळली आणि ते बेशुद्धावस्थेत गेले. उरलेलं काम पंचमनी पुरं केलं. त्याच वर्षी गुलजार यांचा ‘आँधी’ आला आणि ऑगस्टमध्ये ‘शोले’. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी सचिनदा गेले.

ज्या वडिलांच्या वाद्यवृंदात माउथ ऑर्गन घेऊन बसायला सुरुवात केली, ते शांतपणे निघून गेले, आणि त्याच सुमारास देशभरातल्या चित्रपटगृहांत मुलाची माउथ ऑर्गनची धून वाजत होती. या दोन घटनांत कार्यकारणभाव शोधण्याचं कारण नाही, कारण धून आधी तयार झाली होती. पण १९७५ नंतर ती ऐकताना अनेकांना पंचमच्या घरातली ती पोकळीही आठवते.

वेगाच्या संगीतकाराची संथ बाजू कुठे दिसते?

गुलजार यांच्या चित्रपटांत ती सर्वाधिक दिसते. ‘परिचय’, ‘खुशबू’, ‘आँधी’, ‘किनारा’ आणि ‘इजाजत’. शक्ती सामंता यांच्या ‘अमर प्रेम’मध्ये (१९७२) तर रागदारीचा पाया स्पष्ट ऐकू येतो. ‘इजाजत’मधलं (१९८७) परत मागितलेल्या सामानाचं गाणं यमक नसलेल्या, गद्यासारख्या ओळींवर बेतलेलं आहे. अशा ओळींना चाल लावताना आधाराला ठरलेला ठेका नसतो, बोलण्याचा श्वासच मोजावा लागतो. या गाण्यासाठी गुलजार यांना गीतकाराचा आणि आशा भोसले यांना गायिकेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चाल लावणाऱ्याच्या वाट्याला पुरस्कार आला नाही.

आशाताई आणि पंचम यांनी १९८० मध्ये लग्न केलं. मास्टर दीनानाथांची मुलगी आणि सचिनदांचा मुलगा यांचं नातं आधी स्टुडिओत जुळलं होतं. मराठी नाट्यसंगीताच्या अंगाने वाढलेला गळा आणि बंगाली लोकसंगीतावर पोसलेला कान एकत्र आले, त्यातून काय घडलं हे तीन दशकांच्या गाण्यांत ऐकता येतं.

अखेरची वर्षं कशी गेली?

१९८२ च्या ‘सनम तेरी कसम’ने त्यांना पहिला फिल्मफेअर दिला, पाठोपाठ ‘मासूम’ने दुसरा. त्याआधीच्या दशकातल्या एवढ्या लोकप्रिय गाण्यांनंतर पहिला पुरस्कार एवढ्या उशिरा यावा, हे आज खरं वाटत नाही. पण पुरस्कार आले आणि काम आटू लागलं. डिस्कोची लाट आली. पडलेल्या चित्रपटांचं खापर संगीतावर फुटू लागलं. ज्या नासिर हुसेन यांच्यासोबत त्यांनी ‘तीसरी मंझिल’पासून गाणी केली, त्यांच्या संस्थेच्या ‘कयामत से कयामत तक’ला (१९८८) संगीत नव्या दमाच्या आनंद-मिलिंद यांचं होतं.

त्याच १९८८ मध्ये पंचमना हृदयविकाराचा झटका आला आणि पुढे लंडनमध्ये बायपास शस्त्रक्रिया झाली. परतल्यावर ‘परिंदा’सारखे चित्रपट त्यांनी केले, पण एके काळी माणसांनी गजबजलेली त्यांची बैठक ओस पडत गेली. ज्या शहराने वेगासाठी डोक्यावर घेतलं, त्याला आता त्याहून वेगवान कुणीतरी हवं होतं.

विधू विनोद चोप्रा यांनी त्यांच्यावर ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’ सोपवला. या चित्रपटात पंचमनी कुणाशी शर्यत लावली नाही. सरोद, बासरी, मोकळ्या जागा, रेंगाळणारे सूर, जणू ते सचिनदांच्या अंगणात परत गेले. गाणी तयार झाली. ४ जानेवारी १९९४ रोजी मुंबईत हृदयविकाराने त्यांचं निधन झालं, तेव्हा ते ५४ वर्षांचे होते. चित्रपट त्यानंतर काही महिन्यांनी आला आणि गाणी घराघरांत पोहोचली. त्यांना तिसरा फिल्मफेअर मिळाला, पण तो घ्यायला ते नव्हते. फिल्मफेअरने उगवत्या संगीतकारांसाठी त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. तो सर्वप्रथम ए. आर. रहमान यांना देण्यात आला.

हौशी वादकांनी यातून काय घ्यावं?

पहिली गोष्ट, धून पाठ होणं आणि धून वाजवता येणं यांत फरक आहे. ‘शोले’चे सूर एका दुपारी पाठ होतात. ते हवे तेवढे लांब धरायला मात्र काही महिने लागतात. अनुभवी वादक नवख्यांना आधी एकच सूर दहा सेकंद, न थरथरता, लावायला सांगतात. मग तोच सूर हळूहळू खाली वाकवायचा आणि तितक्याच हळू वर आणायचा. पुढची धून त्यानंतर.

दुसरी गोष्ट, वेग असलेल्या माणसालाच संथपणा शोभून दिसतो. पंचमकडे झपाटा नव्हता म्हणून ते थांबले, असं नाही. ‘तीसरी मंझिल’चा झपाटा हातात असताना त्यांनी जयच्या ओठांशी मोजके सूर दिले. काय वाजवायचं नाही, हे ठरवता येणं ही वादकाची कमाई.

तिसरी गोष्ट जरा वेगळी. या गोष्टीतला माउथ ऑर्गन प्रत्येक वेळी दुसऱ्यासाठी वाजला आहे. ‘सोलवा साल’मध्ये वडिलांसाठी, ‘दोस्ती’त मित्रांसाठी. आणि ‘शोले’त ते वाद्य पंचमनी भानूदांच्या हाती सोपवलं. मोबाइलवर आपली कच्ची धून अनोळखी माणसाला पाठवणारा हौशी वादक नकळत तेच करत असतो. समोरचा ऐकतो, एखादी चूक दाखवतो आणि आपली धून पाठवतो. भजनात एकाची पेटी दुसऱ्याच्या मांडीवर जाते, तसंच हे.

‘शोले’च्या शेवटी जय जातो आणि राधा खिडकी मिटते. पंचमनाही जाऊन तीन दशकं उलटली. पोखर्णीसारख्या गावात भजनाआधी पेटीवर सूर लागतो, तसा कुठल्यातरी गच्चीवर, दिवेलागणीला, कुणीतरी तोच माउथ ऑर्गन ओठांशी धरतं. पहिला सूर बहुतेक घाईत सुटतो. दुसऱ्या खेपेला तो थोडा अधिक वेळ टिकतो.